चक्की, पोती आणि रिकामे डबे: इन्सुलिन रेझिस्टन्स उतरवण्याची घरगुती पद्धत

"वहिनी, शुगर नाहीये मला. नुसता बॉर्डरवर आहे," असं म्हणत भाऊजींनी लॅबचा कागद टेबलावर ठेवला आणि तो पंख्याने उडू नये म्हणून वर पोह्यांची प्लेट ठेवली. इंदूरचा रविवार होता, त्यामुळे पोह्यांवर मूठभर शेव, जिरावन, बारीक कांदा आणि शेजारच्या पुडीत गरम जिलबी हे ओघानं आलंच.

प्लेट सरकवून मी कागद वाचला. उपाशीपोटी साखर १०४, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.०, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६. वय ४७, वजन ७१ किलो, उंची १७० सेंटीमीटर. माणूस दिसायला किरकोळ, हातपाय काटकुळे, फक्त शर्टाचं खालून तिसरं बटण ताणलेलं.

मी बावीस वर्षं कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढीन. पण घरच्या माणसाला "उद्या सकाळपासून नेमकं काय करायचं" हे सांगायची वेळ आली, तेव्हा त्या आकृतीचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोगी पडली ती आमच्या सुदामा नगरच्या गल्लीतली पिठाची चक्की. पुढे जे लिहिलंय ते सहा महिने आम्ही करून पाहिलेलं आहे. भाऊजी पूर्ण, मी निम्मंशिम्मं.

आधी चक्कीचं दुकान डोळ्यांसमोर आणा

चक्कीवाला दळतो कधी? तुम्ही धान्य आणि रिकामा डबा दोन्ही नेलंत तर. नुसतं धान्य नेलं आणि पीठ ओतायला डबाच नसेल, तर तो पट्टा थांबवतो.

आपल्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया म्हणजे ही चक्की. साखर आणि चरबी हे धान्य. एटीपी हा ऊर्जा वाहून नेणारा रेणू म्हणजे पिठानं भरलेला डबा आणि एडीपी म्हणजे रिकामा डबा. स्नायू आकुंचन पावला की एटीपी खर्च होतं, डबा रिकामा होऊन चक्कीवर परत येतो आणि पुढचं दळण सुरू होतं. हे डबे दिवसभरात इतक्या फेऱ्या मारतात की २४ तासांत तयार होणारं एकूण एटीपी साधारण आपल्या वजनाच्या घरात जातं. आणि गंमत अशी की डबा परत आला नाही तर चक्की धान्य कितीही असलं तरी दळू शकत नाही. ही तुलनेची सोय म्हणून सांगत नाही, मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावरचं एटीपी बनवणारं फिरतं यंत्र खरोखरच एडीपी मिळाल्याशिवाय फिरत नाही. मग मागे इलेक्ट्रॉनांची गर्दी होते आणि त्यातले काही भलतीकडे गळून ऑक्सिजनचे चिडके रेणू तयार होतात.

आता दुकानाचं दार. इन्सुलिन हा हमाल. तो पेशीच्या दारावर थाप मारतो, निरोप आत जातो आणि ग्लुट-४ नावाची दारं पेशीच्या पृष्ठभागावर येऊन साखर आत घेतात. जेवणानंतर इन्सुलिनच्या जोरावर जी साखर उचलली जाते तिचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे हाडांना जोडलेले स्नायू. पण स्नायूच्या आत न दळलेली पोती साचली, विशेषतः चरबीचे डायअसिलग्लिसरॉलसारखे अर्धवट तुकडे, तर ते हमालाचा निरोप मधल्यामध्ये अडवतात. शटर अर्धं खाली येतं. स्वादुपिंड काय करतं? एका हमालाच्या जागी तीन पाठवतं. साखर त्यामुळे कित्येक वर्षं नॉर्मल दिसते, इन्सुलिन मात्र चढलेलं असतं. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणायचं. हमाल दमले की साखर वर येते, आणि तेव्हा आपण म्हणतो, "अचानक शुगर निघाली हो!"

अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या किट पीटरसन आणि जेराल्ड शुलमन यांनी २००४ मध्ये मधुमेही आईवडिलांच्या सडपातळ पण इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्या मुलांचे स्नायू तपासले, तर चक्कीचा वेग सुमारे ३० टक्के कमी निघाला. झालं, "मायटोकॉन्ड्रिया बिघडले म्हणून डायबेटिस होतो" असं सूत्र पसरलं, आणि त्यामागोमाग बाटल्या विकणारेही आले.

मग २००८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. श्रीकुमारन नायर यांच्या गटानं भारतीय वंशाच्या लोकांचे स्नायू तपासले. त्यांच्यात इन्सुलिन रेझिस्टन्स गोऱ्या अमेरिकनांपेक्षा जास्त होता, आणि चक्कीची क्षमता? तीही जास्त! म्हणजे आपल्याकडे निदान सुरुवातीला तरी यंत्र खराब नसतं. आधी चक्की मंदावते की आधी शटर पडतं, यावर शास्त्रज्ञांचा वाद आजही चालू आहे. पण घरी काय करायचं यासाठी मला हा अभ्यास सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यंत्र दुरुस्त करायची पावडर शोधू नका. डबे रिकामे करा.

पायरी पहिली: टेप आणि कॅल्क्युलेटर

शिवणाचा टेप घ्या. पट्टा बांधतो तिथे मोजायचं नाही. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानतात. भाऊजी ९७ निघाले. "हे पोह्याआधी मोजायला हवं होतं," म्हणाले. बरं, एक सेंटीमीटर पोह्याचा धरू.

बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २४.६ निघाला, आणि त्यावर ते खूश. त्यांना मी पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मराठी माणसानं स्वतःचंच पोट पुरावा म्हणून जगापुढे ठेवलं. वजनकाट्यावर 'नॉर्मल' आणि आतून पोती भरलेली, ही आपली जातकुळी. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायचं ते म्हणूनच.

मान मागून पाहा, काखा पाहा. तिथली त्वचा काळपट, मखमलीसारखी जाडसर झाली असेल तर तो मळ नव्हे. आमच्याकडे एका भाचीला दोन वर्षं उटणं लावत होते. हा चढलेल्या इन्सुलिनचा त्वचेवरचा शिक्का असू शकतो, तेव्हा घासत बसू नका, तपासणी करा.

आता रक्त. नेहमीच्या तपासण्यांबरोबर डॉक्टरांना विचारून उपाशीपोटीचं इन्सुलिन एकदा करून घ्या. रात्रीचं जेवण आठ वाजता आटपून सकाळी आठच्या आत रक्त द्या. आदल्या रात्री लग्नाचं जागरण नको, ताप-सर्दीत नको. सुई नीट न लागल्यानं रक्तपेशी फुटल्या तर इन्सुलिनचा आकडा खोटा कमी येतो. माझा स्वतःचा एकदा असाच आला होता. लॅबवाल्यानं तीनदा टोचलं, नमुना लालसर झाला, तरी रिपोर्ट छापून हातात दिला. माझं एरवी दोन आकडी असणारं इन्सुलिन २.१ पाहून मी महिनाभर हवेत होते.

दोन आकडे मिळाले की हे गणित करा:

उपाशीपोटी साखर × उपाशीपोटी इन्सुलिन ÷ ४०५

भाऊजींचं इन्सुलिन १८ आलं. १०४ गुणिले १८ म्हणजे १८७२, भागिले ४०५, उत्तर ४.६. याला होमा-आयआर म्हणतात, इन्सुलिन रेझिस्टन्स किती याचा हा अंदाज; आकडा जितका मोठा तितका रेझिस्टन्स जास्त. लॅबनुसार फरक पडतो, पण अडीचच्या आसपासची रेषा पुष्कळ डॉक्टर धरतात. इन्सुलिनची तपासणी महाग वाटली तर ट्रायग्लिसराइडला एचडीएलनं भागा. भाऊजींचं १९८ भागिले ३६, साडेपाच. तीनच्या वर गेलं तरी संशय घ्यायला जागा आहे, यांचं तर दुपटीकडे चाललेलं.

कागदावर तारीख घालून कमरेचा आकडा, होमा आणि एचबीए१सी लिहा आणि फ्रिजवर लावा. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहापूर्वीचा टप्पा, ६.५ पासून मधुमेह.

पायरी दुसरी: जेवल्यावर पंधरा मिनिटं

एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. कारण सांगते.

मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते फक्त ४ ग्रॅमच्या आसपास, एक लहान चमचा. एका प्लेट पोह्यात ६० ग्रॅम कोरडे पोहे धरले तर कर्बोदकं होतात ४६ ग्रॅम. रक्तात असते तिच्या अकरापट साखर अर्ध्या तासापासून दोन तासांत तुमच्या रक्तातून वाट काढणार आहे, शिवाय जिलबी मी मोजलेलीच नाही. ती जायची कुठे? यकृतात जास्तीत जास्त १०० ग्रॅमच्या आसपास जागा, स्नायूंत ४०० च्या घरात. पण स्नायूंची ती जागा कालच्यानं भरलेली असेल आणि तुम्ही सोफ्यावर असाल तर दार उघडणार कसं?

इथे निसर्गानं एक मागचं दार ठेवलंय. स्नायू आकुंचन पावू लागला की ग्लुट-४ ची दारं इन्सुलिनच्या निरोपाशिवायही वर येतात. हमालाची गरजच नाही. शटर अर्धं पडलेल्या माणसातही हे दार उघडतं. म्हणून जेवल्यावर लगेच, पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत उठायचं आणि पंधरा मिनिटं चालायचं. 'शतपावली' हा आपला जुना शब्द. पण शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट! पंधराशे धरा.

तीनही जेवणांनंतर जमलं तर उत्तम, एकच जमणार असेल तर रात्रीच्या. संध्याकाळनंतर शरीर इन्सुलिनला तसंही कमी दाद देतं. आणि इंदूरकरांना तर सबबच नाही. 'शब-ए-मालवा' म्हणून ज्या गार रात्रींचं कौतुक झालं त्या आपल्याच की. आपण त्या सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात उभं राहून तळलेले गराडू खाण्यात घालवतो, ही गोष्ट वेगळी.

भाऊजींचं दुकान असल्यामुळे दुपारी बाहेर पडता येत नाही. त्यांनी काय केलं, तर काउंटरवर बसल्या बसल्या टाच वर-खाली करायला सुरुवात केली. पाऊल जमिनीवर, पंजा टेकलेला, टाच जितकी वर जाईल तितकी उचलायची आणि सोडून द्यायची. पोटरीच्या आत सोलियस नावाचा स्नायू आहे, वजनाच्या जेमतेम १ टक्का. ह्यूस्टन विद्यापीठातल्या २०२२ च्या प्रयोगात एवढ्याशा स्नायूच्या तासन् तास चाललेल्या कामानं जेवणानंतरची साखर बरीच खाली राहिली. तो प्रयोग लहान होता आणि यंत्रावर बारकाईनं मोजून केलेला, दुकानातला पाय हलवणं म्हणजे तंतोतंत ते नव्हे. तरी नुसतं बसण्यापेक्षा बरं. गिऱ्हाइकांना वाटतं भाऊजींना घाई आहे.

पायरी तिसरी: चक्क्या वाढवा

वरची पायरी आजच्या साखरेची. ही पुढच्या वर्षाची.

१९६७ मध्ये जॉन हॉलोझी यांनी उंदरांना आठवड्यांमागून आठवडे पट्ट्यावर पळवलं आणि त्यांच्या स्नायूंतली मायटोकॉन्ड्रियाची क्षमता दुपटीच्या आसपास गेलेली दाखवली. त्याआधी व्यायामानं स्नायू फुगतात एवढंच लोकांना ठाऊक होतं, आतली चक्की वाढते हे या कामानं सिद्ध झालं. माणसातही हेच होतं. रिकामे डबे वारंवार साचले की पेशीत इशारा जातो, पीजीसी-१ अल्फा नावाचा मुकादम जागा होतो आणि नव्या चक्क्या बसवायला घेतो.

किती वेगानं चालायचं? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाणं म्हणता येत असेल तर तुम्ही फिरायला आलायत, व्यायामाला नाही. नेहरू पार्कात किंवा पिपल्यापाल्याच्या रीजनल पार्कात सकाळी पाहा, निम्मी मंडळी राजकारण बोलत इतक्या सावकाश चालतात की डबा रिकामा होण्याऐवजी गंजायचा.

पहिले दोन आठवडे रोज वीस मिनिटं. तिसऱ्यापासून तीस, आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे १५० मिनिटं. सहाव्या आठवड्यापासून, डॉक्टरांनी हृदयाच्या दृष्टीनं होकार दिला असेल तर, त्यातल्या दोन दिवशी एक मिनिट दम लागेल इतकं भरभर आणि दोन मिनिटं सावकाश, असं सहा-आठ वेळा. व्यायामानं इन्सुलिनला मिळालेली दाद एक-दोन दिवस टिकते आणि ओसरते, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. रविवारी दहा किलोमीटर आणि बाकी सहा दिवस खुर्ची, हा हिशेब इथे चालत नाही.

पायरी चौथी: गोदामही मोठं करा

काटकुळे हातपाय म्हणजे साखर ठेवायला जागा कमी. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं: खुर्चीवरून हात न टेकवता उठबस १० ते १२ वेळा, भिंतीला हात लावून दंड १०, आणि पाच किलोच्या कणकेच्या डब्याला दोन्ही हातांनी उचलून छातीपर्यंत आणणं १०. थोडा दम खाऊन हे सगळं तीनदा. मांड्यांचे स्नायू सगळ्यात मोठे, त्यामुळे एकच करायचं तर उठबस करा. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. सहज जमायला लागलं की डबा कडेवर घेऊन उठा. आमच्या सासूबाई ७८ व्या वर्षी सोफ्याच्या हाताला धरून सहा करतात आणि मोजून दाखवतात.

पायरी पाचवी: पोती कमी आणा

इंदूरमध्ये राहून पोहे सोडा असं सांगणारा डॉक्टर फार दिवस टिकायचा नाही. मी तसं सांगत नाही. उसळ-पोहे हा आपल्या मराठी लोकांनीच या शहराला लावलेला नाद आहे, त्याचा फायदा घ्या: प्लेटमध्ये अर्धे पोहे, अर्धी मटकी किंवा मोड आलेल्या मुगाची घट्ट उसळ. शेव मुठीऐवजी चमच्यानं. आधी उसळीचे चार-पाच घास, मग पोहे. भाजी आणि डाळ आधी, भात-पोळी शेवटी, एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते, आणि याला पैसा लागत नाही.

आपलं ताट पाहिलं तर डाळ पातळ आणि पोळ्या चार. ती डाळ नव्हेच, हळदीचं पाणी. ७१ किलोच्या माणसाला किमान ५९ ग्रॅम प्रथिनं लागतात. अंदाज असा: १०० ग्रॅम पनीरमधून १८, एका अंड्यातून ६, ३० ग्रॅम कोरड्या मुगातून ७, ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरच ठरवतील.) प्रत्येक जेवणात हे थोडं थोडं आलं की चौथी पोळी आपोआप गळते.

दाल-बाफल्यांवर (बाफले म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे) मात्र माझा राग आहे. खाण्यावर नाही, त्यानंतरच्या झोपेवर. तुपात बुडवलेले चार बाफले, वर लाडू, आणि दुपारी तीन तास आडवं. साखर आणि चरबी दोन्ही धान्यं एकदम चक्कीवर, आणि डबा एकही रिकामा नाही. पोती साचवायचीच असतील तर यापेक्षा चांगली युक्ती मला सुचणार नाही. दोन बाफले खा, आणि मग कॉलनीला दोन फेऱ्या मारा.

उपासाचंही तसंच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. सराफ्यातली चुरचुरीत खिचडी एकादशीच्या नावानं रात्री दहाला खाल्ली तर ती 'एकादशी अन् दुप्पट खाशी' झाली. उपास करायचा तर खरोखर पोट रिकामं ठेवा, किंवा रात्रीचं जेवण साडेसात-आठला संपवून सकाळपर्यंत बारा तास काही खाऊ नका. बारा तास पुरेत. सोळा-अठरा तासांच्या चढाओढीत पडून मग दुपारी दोनला कचोरीवर तुटून पडणारे दोन शेजारी माझ्या पाहण्यात आहेत.

वजन किती कमी करायचं? बीएमआय जास्त असेल तर ५ ते ७ टक्के. भाऊजींसाठी म्हणजे चार-पाच किलो. त्यातलं पहिलं जातं ते यकृतातलं आणि पोटातलं, आणि आपल्याला तेच घालवायचं आहे.

झोप

थोडक्यात सांगते. १९९९ मध्ये शिकागोत ११ तरुण, निरोगी मुलांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर त्यांची साखर हाताळायची ताकद मधुमेहाच्या सुरुवातीच्या रुग्णांसारखी झाली. मोबाइल अकराला बंद. घोरताना श्वास अडकत असेल, दिवसा पेंग येत असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा, त्याचा वेगळा इलाज असतो.

गोळ्या आणि बाटल्या

आता कबुलीजबाब. रिटायर झाल्यावर मी स्वतः 'मायटोकॉन्ड्रिया सपोर्ट' लिहिलेल्या कॅप्सूल घेतल्या होत्या. क्यू-१० नावाचं पूरक होतं, बरोबर क आणि ई जीवनसत्त्वाचा मोठा डोस. तीन महिने, महिन्याला अठराशे रुपये. शिकवलेलं सगळं कपाटात ठेवून घेतल्या. फरक? शून्य.

नंतर पुन्हा वाचताना २००९ चा एक जर्मन अभ्यास समोर आला. मिखाएल रिस्टो यांच्या गटानं तरुण मुलांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं. ज्यांनी ते घेतलं त्यांच्यात व्यायामानं इन्सुलिनला मिळायची ती दाद वाढलीच नाही! व्यायामाच्या वेळी चक्कीतून उडणाऱ्या थोड्याशा ठिणग्या, म्हणजे मघाचे ते ऑक्सिजनचे चिडके रेणू, हाच शरीरासाठी "चक्क्या वाढवा" असा निरोप असतो. आपण पैसे देऊन तो विझवत होतो. आवळा, लिंबू, पेरू खा, त्यानं काही बिघडत नाही. मोठे डोस डॉक्टरांनी कमतरता पाहून दिले तरच.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीची गंमत याहून मोठी. हे औषध मायटोकॉन्ड्रियाच्या पहिल्याच टप्प्यावर हलका ब्रेक लावतं, म्हणजे चक्की किंचित मंद करतं, आणि तरीही साखर उतरते, मुख्यतः यकृत नवी साखर बनवून रक्तात सोडणं कमी करतं म्हणून. 'चक्की जोरात म्हणजे प्रकृती उत्तम' हे सूत्र किती अपुरं आहे ते इथे कळतं. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिलं असेल तर बिनदिक्कत घ्या, स्वतःहून बंद करू नका. बरीच वर्षं घेत असाल तर वर्षातून एकदा बी-१२ तपासा, शाकाहारी लोकांनी तर नक्कीच. आणि गोळी चालू आहे म्हणून चालणं बंद, असं मात्र नको: २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत मधुमेहाकडे जाणं मेटफॉर्मिननं ३१ टक्क्यांनी रोखलं, आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं व ७ टक्के वजन घटवणं यानं ५८ टक्क्यांनी.

ज्यांना आधीच मधुमेह आहे आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी जेवणं लांबवणं किंवा व्यायाम वाढवणं डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये. साखर एकदम खाली जाऊ शकते. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. पायाची जाणीव कमी झाली असेल तर चप्पल घालून लांब चालू नका, बूट घाला आणि घरी आल्यावर तळवे आरशात पाहा. चालताना छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे कळ आली तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. "गॅस असेल" हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार करायला हवं.

पुन्हा मोजणी

कंबर दर पंधरा दिवसांनी, त्याच वारी, सकाळी. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करू नका, तो गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, घाई केलीत तर जुनाच हिशेब हातात येईल. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर हा आकडा फसवतो, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. लॅब तीच ठेवा, आणि नमुना लाल झाला तर दुसरा मागा.

पहिल्या तीन आठवड्यांत भाऊजींच्या काट्यावर काहीच हललं नाही. रोज मला टोमणे. पाचव्या आठवड्यात पॅन्ट सैल झाली, वजन तेच. मग हळूहळू उतरायला लागलं. मध्ये गणपती आले, अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या (चित्ररथ) पाहायला घरची सगळी पहाटेपर्यंत रस्त्यावर, त्या आठवड्यात मोदक किती झाले ते विचारू नका. कमरेनं एक सेंटीमीटर परत घेतला. दसऱ्यापर्यंत तो पुन्हा गेला.

सहाव्या महिन्याचा कागद त्यांनी स्वतःच फ्रिजवर लावला. कंबर ९१. साखर ९६, इन्सुलिन १०.५, म्हणजे होमा अडीच. एचबीए१सी ५.७, अजून रेषेवरच. ट्रायग्लिसराइड १४२. एचडीएल मात्र ३८ वर अडकून बसलंय.

"वहिनी, हे ३८ कधी हलायचं?"

दुकानाच्या वरच्या गोदामाला सत्तावीस पायऱ्या आहेत. आतापर्यंत माल आणायला ते पोऱ्याला वर पाठवत. सोमवारपासून स्वतः जाणार आहेत, दिवसातून चार वेळा, गुडघा कुरकुरला तर तीन.